टोचणी, रक्त आणि एक्स-रे : दवाखान्यातली माणसं कशावर विश्वास ठेवतात?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘आरोग्य आणि तंत्रज्ञान’ असा ऐसपैस विषय दिला होता. एवढा मोठा विषय घेतला की माणूस काहीही बोलतो आणि कोणाचंच काही बिघडत नाही. म्हणून मी त्यातला एक छोटा तुकडा उचलला आहे. टीबीचा जंतू अंगात आहे का हे शोधायच्या ज्या चाचण्या आहेत, त्यांच्याबद्दल दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांना काय वाटतं? सिस्टर, ब्रदर, लॅब टेक्निशियन, निवासी डॉक्टर, वॉर्डातले मामा आणि मावशी. ते स्वतःची चाचणी करून घेतात का, आणि पॉझिटिव्ह आली तर मान्य करतात का?

मी डॉक्टर नाही. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि काही वर्षं पॅथॉलॉजी लॅबच्या सॉफ्टवेअरवर काम केलं आहे. म्हणजे तुमचं रक्त मी बघत नाही, तुमच्या रक्ताचा आकडा कोणत्या चौकटीत छापायचा ते बघतो. दुसरा संबंध घरचा. माझी आपा जीएनएम झालेली नर्स आहे, बारा वर्षं वॉर्डात काढली आहेत. आणि आज समोर बसलेल्यांत बीयूएमएसची मुलं आहेत, नर्सिंगच्या मुली आहेत, डी. फार्म करणारे आहेत. आपल्या समाजातली बरीच मुलंमुली आता या क्षेत्रात जात आहेत. तेव्हा हे तुमच्याच अंगाबद्दल आहे.

आधी चाचण्या समजून घेऊ, कारण इथेच सगळा घोळ आहे.

टीबीचा जंतू शरीरात असणं आणि टीबीचा आजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतू शिरतो, शरीर त्याला कोंडून ठेवतं आणि तो तसाच पडून राहतो. खोकला नाही, ताप नाही, दुसऱ्याला लागण नाही. याला सुप्त संसर्ग म्हणतात. अशा शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो, आणि त्यातला मोठा वाटा संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतला असतो. हे दोन वर्षांचं लक्षात ठेवा, पुढे लागेल. भारतात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षण झालं, त्यात पंधरा वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे एकतीस टक्क्यांमध्ये हा संसर्ग आढळला. या खोलीत आपण साठेक जण आहोत. हिशोब तुम्ही करा.

हा सुप्त संसर्ग शोधायची जुनी चाचणी म्हणजे मँटू. हाताच्या पुढच्या भागात कातडीच्या आत थोडंसं ट्युबरक्युलिन टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी तिथे किती कडक फुगवटा आला ते मिलिमीटरमध्ये मोजतात. लाली मोजायची नाही, फुगवटा मोजायचा. ट्युबरक्युलिन रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये टीबीवरचं औषध म्हणून जगापुढे आणलं होतं. औषध म्हणून ते सपशेल पडलं, पण चाचणी म्हणून टिकलं. १९०८ मध्ये शार्ल मँटू या फ्रेंच डॉक्टरने आजची पद्धत सांगितली. म्हणजे ही चाचणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आजही आपल्या तालुक्याच्या गावी शंभर-दोनशे रुपयांत होते.

दुसरी रक्ताची. तिला इग्रा म्हणतात, आणि आपल्याकडे लॅबच्या पावतीवर बहुतेक वेळा ‘टीबी गोल्ड’ असं लिहिलेलं असतं. तुमचं रक्त टीबीच्या जंतूच्या दोन विशिष्ट प्रथिनांबरोबर रात्रभर ठेवतात. तुमच्या पेशींनी तो जंतू आधी पाहिला असेल तर त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचा पदार्थ सोडतात. तो मोजायचा. ०.३५ किंवा त्यावर आला तर पॉझिटिव्ह. या प्रथिनांचा फायदा असा की ती बीसीजी लसीत नसतात. खर्च दोन हजारांच्या पुढे. एकदा रक्त दिलं की काम झालं, दोन दिवसांनी हात दाखवायला परत यायला नको.

तिसरा छातीचा एक्स-रे. तो सुप्त संसर्ग दाखवत नाही, फुप्फुसावर झालेला परिणाम दाखवतो. आणि चौथी गोष्ट थुंकीची तपासणी. पूर्वी फक्त सूक्ष्मदर्शकाखाली होई, आता जीनएक्सपर्ट किंवा गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट यावर होते. ही आजाराची तपासणी आहे, संसर्गाची नाही.

चारही चाचण्यांना विचारलेला प्रश्न वेगळा आहे. मँटू आणि इग्रा विचारतात, ‘या शरीराची त्या जंतूशी कधी ओळख झाली होती का?’ आज आजार आहे का, हे त्या दोघींना सांगताच येत नाही. तरीही खोकला असलेल्या माणसाला ‘टीबी गोल्ड’ लिहून देणारे डॉक्टर आपल्या शहरांत आहेत, आणि त्या चिठ्ठ्या मी लॅबमध्ये बसून पाहिल्या आहेत. आपल्याकडे रक्ताच्या रिपोर्टचं एक वजन आहे. थुंकी द्यायची म्हणजे किळस, आणि शिवाय ती सरकारी तपासणी. रक्त म्हणजे आधुनिक. यापूर्वी टीबीसाठी रक्तातली अँटिबॉडी तपासणारे किट देशभर चालत होते. ते इतके चुकीचे निकाल देत होते की जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ‘हे वापरू नका’ असं थेट सांगितलं आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. ते किट वर्षानुवर्षं खपले कारण लिहून देणारा, करणारा आणि करून घेणारा अशा तिघांनाही रक्ताची चाचणी आवडत होती.

आता मूळ प्रश्नाकडे. दवाखान्यातली माणसं स्वतःवर या चाचण्या केल्या की काय म्हणतात?

आपा नोकरीला लागली त्या खाजगी दवाखान्यात कोणाचीच तपासणी होत नव्हती. चार वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी गेली, तिथे रुजू होताना मँटू केली. चौदा मिलिमीटर. तिथल्या सीनियर सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, बीसीजीचं असतं ते. आपलं सगळ्यांचं येतं.” हे वाक्य मी पुढे इतक्या तोंडून ऐकलं आहे की ते नर्सिंगच्या पुस्तकातच छापलंय की काय असं वाटावं. हे फक्त आपल्याकडचंही नाही. अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या फिलिपिनो, भारतीय, आफ्रिकी नर्सेसमध्ये झालेल्या अभ्यासांतही हेच उत्तर पुन्हा पुन्हा येतं : लहानपणी लस घेतली होती, म्हणून मँटू पॉझिटिव्ह.

हे किती खरं आहे? थोडं खरं आहे. बीसीजी मोठेपणी किंवा पुन्हा पुन्हा दिली तर मँटूवर तिचा परिणाम बराच काळ दिसू शकतो. पण आपल्याकडे बीसीजी जन्मल्याबरोबर देतात, आणि बाळपणी दिलेल्या लसीचा मँटूवरचा परिणाम दहा वर्षांनंतर जवळजवळ उरत नाही. याचा उत्तम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत २००४ मध्ये ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची मँटू आणि इग्रा अशा दोन्ही चाचण्या एकदम करण्यात आल्या. मधुकर पै, डॉ. एस. पी. कलंत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. ते २००५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं. बहुतेक जण तरुण होते, मधलं वय बावीस. म्हणजे तुमच्याएवढे.

निकाल असा : मँटूने ४१ टक्के पॉझिटिव्ह, इग्राने ४० टक्के. बीसीजीमुळे मँटू फुगत असती तर मँटूचा आकडा इग्राच्या बराच वर जायला हवा होता. तो गेला नाही. लसीचा व्रण असण्या-नसण्याने दोन्ही चाचण्यांत फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो वयाने आणि दवाखान्यात काढलेल्या वर्षांनी. दोन्हींपैकी निदान एका चाचणीत पॉझिटिव्ह आलेले निम्मे होते.

त्या सिस्टरांच्या वाक्याचं आता काय करायचं? बावीस वर्षांच्या मुलीचा चौदा मिलिमीटरचा फुगवटा बाळपणच्या लसीचा असण्यापेक्षा, ती ज्या वॉर्डात रात्रपाळी करते तिथल्या हवेचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त. बीसीजीचं नाव घेतलं की दवाखाना सुटतो. खिडक्या बंद का, एन-९५ मास्क का नाहीत, टीबीचा संशय असलेला रुग्ण दोन दिवस जनरल वॉर्डात का ठेवला, हे विचारायची गरज उरत नाही. आणि तीच सबब त्या मुलीलाही हवीशी असते, हे सोयीचं दुखणं मी आपाच्या बाबतीत जवळून पाहिलं.

सेवाग्रामचे आकडे बघून तुम्ही म्हणाल, दोन्ही चाचण्या सारख्याच, तर मग स्वस्त ती करा. थांबा. बेरीज सारखी असली तरी माणसं तीच नव्हती. दोन्हींत पॉझिटिव्ह आलेले ३१ टक्केच होते. म्हणजे प्रत्येक चाचणीत काही जण असे, ज्यांना एक ‘हो’ म्हणते आणि दुसरी ‘नाही’. त्याच संस्थेत पुढे मेडिकल आणि नर्सिंगच्या २१६ विद्यार्थ्यांची अठरा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. पहिल्या वेळी ज्यांच्या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह होत्या त्यांचा रक्ताचा निकाल बहुतांशी टिकला. ज्यांच्या दोन चाचण्यांचं आपसांत जमत नव्हतं, त्यांच्यापैकी बहुतेकांचं रक्त दुसऱ्या वेळी पलटलं.

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगू द्या. आम्ही प्रोग्रॅम लिहितो आणि तो बिघडला तर कळावं म्हणून चाचण्याही लिहितो. त्यातल्या काही चाचण्या अशा असतात की प्रोग्रॅममध्ये एक अक्षरही बदललेलं नसताना सकाळी नापास, दुपारी पास. आम्ही त्यांना ‘फ्लेकी’ म्हणतो, लहरी म्हणा. लहरी चाचणी नापास झाली की टीममधला कोणीही माणूस एकच गोष्ट करतो : पुन्हा चालवतो. पास झाली की पुढे जातो. पास झालेली चाचणी मात्र कोणी पुन्हा चालवून बघत नाही.

दवाखान्यातली माणसं अगदी हेच करतात. आपाला पुढे परदेशातल्या नोकरीसाठी इग्रा करावी लागली. आकडा आला ०.४१. पॉझिटिव्ह. मैत्रिणींनी लगेच सल्ला दिला, दुसऱ्या लॅबमध्ये करून बघ. ०.३१ आला असता तर कोणी म्हणालं नसतं की दुसरीकडे करून बघ. वास्तविक ०.३५ ही काही दगडावरची रेघ नाही. तेच रक्त, तीच लॅब, दुसरा दिवस, आणि आकडा थोडा हलतो. रक्ताची नळी किती हलवली, किती वेळाने मशीनमध्ये गेली यानेही हलतो. रेषेच्या जवळचे सगळे आकडे, वरचे आणि खालचे, सारखेच डळमळीत असतात.

आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले काय करतो? एका लॅबने मला सांगितलं होतं की आकडा छापू नका, पेशंट गोंधळतात, नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह छापा. मी भांडलो. आकडा शेवटी छापला गेला, पण बारीक अक्षरात, पानाच्या तळाशी. मँटूचीही तीच गत. त्याच लॅबच्या मिलिमीटरच्या रकान्यात १० आणि १५ चे ढीग होते, ९, ११, १३ शोधावे लागायचे. माणसाचा फुगवटा पाचाच्या पाढ्यात येत नाही. मोजणारा घाईत होता, बोट फिरवून अंदाजाने लिहीत होता. जगभर हे होतं. म्हणजे ‘मँटूवर माझा विश्वास नाही’ असं म्हणणाऱ्या सिस्टरचं म्हणणं अगदीच खोटं नाही. फक्त ज्या कारणाने अविश्वास ठेवायला हवा ते सोडून ती भलत्याच कारणाने ठेवते.

मग पुन्हा करून बघणं चूक की बरोबर? हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर आहे. थोडं गणित करू, सोपं आहे. धरून चला की एखादी चाचणी संसर्ग असलेल्या शंभरांपैकी ऐंशी जणांना पकडते आणि संसर्ग नसलेल्या शंभरांपैकी तिघांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते. अमेरिकेतल्या एका शहरातले हजार कर्मचारी घ्या, त्यात तीसच जणांना संसर्ग आहे. खरे पॉझिटिव्ह चोवीस, खोटे पॉझिटिव्ह एकोणतीस. अर्ध्याहून जास्त चुकीचे! आता आपल्याकडचे हजार घ्या, त्यात चारशे जणांना संसर्ग आहे. खरे पॉझिटिव्ह तीनशे वीस, खोटे अठरा. आणि ऐंशी जण असे, जे निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन खुशीत घरी गेले पण जंतू अंगात आहे. चाचणी तीच, किट तेच, मशीन तेच. निकालाचा अर्थ उलटा झाला.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत चार ठिकाणच्या २५६३ आरोग्य कर्मचाऱ्यांची दर सहा महिन्यांनी तिन्ही प्रकारे तपासणी झाली : मँटू आणि दोन कंपन्यांच्या इग्रा. २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. निगेटिव्हचे पॉझिटिव्ह झालेले मँटूत ०.९ टक्के, एका इग्रात ६.१ आणि दुसऱ्या इग्रात ८.३ टक्के. ज्या इग्राकडे सगळे ‘अचूक’ म्हणून बघत होते, तिने सहा ते नऊ पट जास्त घंटा वाजवल्या. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं तर त्या पलटलेल्यांपैकी तीनचतुर्थांश पुन्हा निगेटिव्ह. तिथे टीबी इतका कमी आहे की ‘पुन्हा करून बघू’ हेच शहाणपण ठरलं. २०१९ मध्ये तिथल्या सरकारी संस्थेने सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांची दरवर्षीची सरसकट तपासणी नको असंच सांगून टाकलं.

हा शहाणपणा आपण इथे आयात केला की त्याचं विष होतं. सेवाग्रामसारख्या ठिकाणी, मिरज-सांगलीत, मालेगावात, भिवंडीत, गोवंडीत पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह आला, तर दुसराच खरा असं मानायला काही आधार नाही. पण परदेशी जर्नल वाचलेला डॉक्टर, ब्रिटनला जायची तयारी करणारी नर्स, आणि कटकट नको असलेला एचआर, तिघंही दुसऱ्या रिपोर्टवर सही करतात.

माहिती कमी पडते म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. सगळ्यांत जास्त टाळाटाळ डॉक्टर करतात असं कितीतरी देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि माहिती त्यांच्याकडेच सगळ्यांत जास्त असते. दिल्लीत एक सुंदर अभ्यास झाला होता, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेली माणसं टीबीचे रुग्ण असल्याची बतावणी करून खाजगी डॉक्टरांकडे गेली. २५० भेटींपैकी फक्त २१ टक्क्यांत योग्य ते झालं. त्यातल्याच काही डॉक्टरांना असाच रुग्ण कागदावर दिला, तेव्हा त्यांची उत्तरं कितीतरी चांगली होती. म्हणजे माहीत होतं. केलं नाही.

का केलं नाही हे समजायचं तर चाचणीनंतर काय होतं ते बघावं लागेल. आपाने मँटूचा निकाल दाखवला असता तर तिला पुढे काय मिळालं असतं? तिच्या दवाखान्यात सुप्त संसर्गावरच्या गोळ्या द्यायची काही सोय नव्हती. पगारी रजा नव्हती. गोपनीयता नव्हती, रजिस्टर नर्सिंग स्टेशनवर उघडं पडलेलं असे आणि मावशींपासून सगळे ते वाचत. पंचवीस वर्षांची अविवाहित मुलगी. मिरजेसारख्या गावात ‘तिला टीबी आहे म्हणे’ हे वाक्य दर्ग्याच्या गल्लीपासून स्टेशनपर्यंत जायला अर्धा दिवस लागतो, आणि सुप्त संसर्ग व आजार यातला फरक वाटेत कुठेतरी गळून पडतो. अम्मीला त्या वेळी एकच काळजी होती, रिश्ता बघायला येणारे काय म्हणतील. दक्षिण आफ्रिकेतले आरोग्य कर्मचारी सांगतात की ते स्वतःच्या दवाखान्यात तपासणी टाळतात, कारण रिपोर्ट बघणारा कलीगच असतो. तिथली नर्स आणि मिरजेची नर्स एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, पण दोघींचं उत्तर एकच आहे.

अशा परिस्थितीत ‘बीसीजीचं असतं’ हे वाक्य म्हणजे अज्ञान म्हणता येत नाही. ते त्या बाईचं संरक्षण आहे. तिला टीबीवर अजून एक व्याख्यान देऊन ते वाक्य जाणार नाही.

एक्स-रेबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपल्यातल्या बहुतेकांची टीबीच्या तपासणीशी पहिली गाठ तिथेच पडते. रत्नागिरीकडच्या माझ्या एका चुलतभावाला आखाती नोकरीच्या मेडिकलमध्ये ‘अनफिट’ शिक्का बसला. फुप्फुसावर जुना डाग. लहानपणी होऊन बरा झालेला आजार असावा, थुंकीत काही नाही, तब्येत ठणठणीत. पण तिथला नियम डागाकडे बघतो, माणसाकडे बघत नाही. त्याचा परिणाम काय झाला? मोहल्ल्यातल्या पोरांनी धडा घेतला की एक्स-रेपासून लांब राहावं. आणि इकडे राष्ट्रीय सर्वेक्षण सांगतं की एक्स-रे काढला नसता तर टीबीचे ४२ टक्क्यांहून जास्त रुग्ण सापडलेच नसते, कारण त्यांना सांगण्याजोगी लक्षणंच नव्हती. आजार लवकर पकडायला इतकी उपयोगी गोष्ट, आणि आपल्या मनात तिची ओळख व्हिसा अडवणारी म्हणून. दवाखान्यातल्या लोकांना मात्र एक्स-रे आवडतो. आपाच्या सहकाऱ्यांचं ठरलेलं होतं, ‘एक्स-रे क्लिअर आहे ना, मग झालं.’ एक्स-रे स्वच्छ म्हणजे आज फुप्फुसात आजार दिसत नाही, एवढंच. संसर्ग ताजा असेल तर तो स्वच्छच दिसणार. मी म्हटलं होतं ना, पहिली दोन वर्षं धोक्याची? ती नेमकी या स्वच्छ एक्स-रेनंतर सुरू होतात.

आपाने शेवटी काय केलं ते सांगतो, नाहीतर तुम्ही चहाच्या वेळी विचारालच. तिने दुसऱ्या लॅबमध्ये चाचणी केली नाही. चौदा मिलिमीटरची जुनी मँटू, ०.४१ ची इग्रा आणि मधल्या काळात वॉर्डात सापडलेले टीबीचे रुग्ण, हे तिन्ही एका कागदावर लिहून ती छातीच्या डॉक्टरांकडे गेली. एक्स-रे झाला, लक्षणं विचारली, आजार नाही हे नक्की केलं. मग आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. बारा डोस. त्यातले चार रमजानमध्ये आले. जेवणाबरोबर घ्यायच्या असल्याने तिने डॉक्टरांना विचारून इफ्तारनंतर घेतल्या. लघवी लाल-नारिंगी होते हे आधी सांगितलेलं असूनही पहिल्या दिवशी घाबरली. अम्मीला तिने तेव्हाही सांगितलं नाही, अशक्तपणाच्या गोळ्या म्हणून सांगितलं. ते मला आजही आवडलेलं नाही, पण मी तिच्या जागी नव्हतो.

एक नवी गोष्ट आली आहे ती सांगून थांबतो. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी नावाची चाचणी. मँटूसारखीच हातावर टोचायची, पण आत जुनं ट्युबरक्युलिन नाही, इग्रातली तीच दोन प्रथिनं. म्हणजे बीसीजीची सबब राहत नाही आणि लॅबचं मशीनही लागत नाही. पाच मिलिमीटर किंवा त्यावर असेल तर पॉझिटिव्ह. या जातीच्या चाचण्यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्यता दिली आणि त्याच वर्षी भारतातही परवानगी मिळाली. इंजिनियर म्हणून मला ती फार आवडली. तरी दोन दिवसांनी कोणीतरी हात बघून मोजायचंच आहे, रजिस्टर टेबलावर उघडं पडणारच आहे, आणि अविवाहित मुलीने ते कोणाला दाखवायचं हा प्रश्न आहे तिथेच आहे.

तेव्हा तुमच्यापैकी जे यंदा इंटर्नशिपला किंवा नोकरीला लागणार आहेत, त्यांनी रुजू होतानाच विचारा : इथे तपासणी कोणती होते, रिपोर्ट कोणाकडे जातो, पॉझिटिव्ह आला तर गोळ्या आणि रजा कोण देणार. लेखी विचारा. दोघी-तिघींनी मिळून विचारलं तर बरं, एकटीला ‘फार शिकलेली’ म्हणतात. आणि पहिल्याच दिवशी मँटू किंवा इग्रा करून घ्या आणि रिपोर्टावरचा आकडा स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. नुसतं निगेटिव्ह लिहू नका, आकडा लिहा. पुढे कधी पलटला तर तो दवाखान्यात आल्यावर पलटला हे तुम्हाला दाखवता येईल.

रोज्यात टोचून घेतलं तर चालतं का अशी एक चिठ्ठी आली आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते जाणकारांना विचारा. दुसऱ्या चिठ्ठीत विचारलंय की नर्सिंग होस्टेलमधल्या रूममेटला टीबी निघाला आहे आणि वॉर्डन बाकीच्यांची तपासणी करायला तयार नाही. ती कोणी लिहिली आहे ते मी विचारत नाही, पण सुरुवात त्याच चिठ्ठीपासून करू.